रिकाम्या खुर्चीत बसणारा माणूस

"बाबा, जरा उठता का? खुर्चीचा फोटो काढायचाय."

काटेवाले पेपरासकट उठले. खिडकीजवळची ती वेताची खुर्ची गेली एकोणीस वर्षं त्यांचीच होती आणि तिचा फोटो काढावा असं आजवर कुणाच्याही मनात आलं नव्हतं. त्यांच्या चिरंजीवांनी खुर्चीवरची उशी काढली, परत ठेवली, मग तिच्यावर मुठीने एक खळगा पाडला. आत्ताच कुणीतरी कायमचं उठून गेलंय असं दिसायला हवं होतं. उठून गेलेला माणूस दोन पावलांवर पेपर धरून ताटकळत उभा होता.

"कशाला हवाय फोटो?"

"नव्या अल्बमच्या कव्हरसाठी. अल्बमचं नावच 'रिकामी खुर्ची' आहे."

"बरं. झाला की सांग, मला कोडं सोडवायचंय."

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बाजारात चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू दुरुस्त केले, म्हणून ते काटेवाले. वाण्याचा मोठा काटा, भाजीवालीची तागडी, भंगारवाल्याचा साखळ्यांचा अजस्र तराजू, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन वापरून झिजलं की तिथे कणभर शिसं घालून ते पुन्हा खरं करायचं, हे त्यांचं काम. एका दुकानदाराने एकदा चहा पाजून सुचवलं, की डाव्या पारड्याखाली थोडंसं काहीतरी करता आलं तर बघा. काटेवाल्यांनी चहा तसाच ठेवला, तराजू परत केला आणि त्या दुकानातली साखरही बंद केली. पुढची अकरा वर्षं त्यांच्या बायकोला साखरेसाठी तीन गल्ल्या ओलांडून जावं लागलं. तिने त्यांना याबद्दल जे काही ऐकवलं ते ऐकवलं, पण त्या दुकानात तीही कधी गेली नाही.

पुढे बॅटरीवरचे काटे आले. काटेवाले त्यांच्यावर चिडले नाहीत. खरं मोजतायत ना, मग माझी काय तक्रार, असं म्हणून त्यांनी सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे तेवढे ठेवले आणि डोळे साथ देईनात तेव्हा तेही सोडले. असा हा सरळ, थोडासा कंटाळवाणा म्हणता येईल असा माणूस. दारू नाही, विडी नाही, भांडण नाही. गाणं होण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण चिरंजीव लोकगायक होते. काटेवाले त्यांना मनातल्या मनात आणि कधीकधी तोंडावरही 'कलाकार' म्हणत. कलाकाराचं वय चव्वेचाळीस. आठवड्यातले तीन दिवस तो एका शाळेत संगीत शिकवायचा, उरलेले चार दिवस लोकांचा असायचा. त्याचा सदरा नेहमी चुरगळलेला असे आणि तो तसाच चुरगळलेला राहावा म्हणून कलाकार तो स्वतः हाताने धुवायचा. बोलताना दर दोन वाक्यांनी 'माती' यायची. घराच्या खिडकीत दोन कुंड्या होत्या. त्यांना पाणी घालायचं काम मात्र सुनेकडे होतं.

आधी तो चौघांच्या गटात गायचा. गट फुटला, कारण चौघांनाही मधे उभं राहायचं होतं. मग आई गेली आणि त्या वर्षी कलाकाराने पहिला एकट्याचा अल्बम काढला. कुठली कंपनी नाही, कुणाचा वशिला नाही, सगळं स्वतःचं स्वतः. त्यातलं आईचं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं.

*चुलीच्या धुरात विरली आई,*
*डोळ्यांतलं पाणी आटलंच नाही.*

ऐकून लोक हमसून हमसून रडले. रडले नाहीत ते काटेवाले. त्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून गॅस होता. आणि आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने अख्ख्या गावाचे फोन जोडून दिले. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं म्हणून कांदा चिरायचं काम तिने लग्नानंतर आठ दिवसांत नवऱ्यावर ढकललं होतं, आणि ते अजूनही काटेवाल्यांकडेच होतं. पण घर दुःखात होतं, पोरगं आईवेगळं झालं होतं, अशा वेळी चुलीवरून काय वाद घालायचा? काटेवाले मूग गिळून गप्प बसले. आयुष्यात त्यांनी डोळ्यांदेखत खोटं माप जाऊ दिलं ते तेवढं एकदा, आणि ते त्यांना फार लागलं. आता हजारो लोकांच्या दृष्टीने त्यांची बायको चुलीपुढे खोकत मेलेली एक बाई होती.

दुसऱ्या अल्बमची पंचाईत वेगळीच होती. लोकांना पुन्हा रडायचं होतं आणि कलाकाराच्या घरी सगळं आलबेल होतं. सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. दर तीन महिन्यांनी ती सासऱ्यांचं रक्त काढून न्यायची आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रिपोर्ट वाचून दाखवायची. साखर उत्तम, कोलेस्टेरॉल उत्तम, किडनी एखाद्या तरुणाची. ऐकताना कलाकाराचा चेहरा किंचित पडतो, असा काटेवाल्यांना संशय होता. एकदा त्यांना जोराचा ठसका लागला तर पोरगं आतून धावत आलं. पाणी आणलं नव्हतं, वही आणली होती.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून ते गाणं ऐकू आलं.

*गिरणीच्या भोंग्याला उठायचा बाप,*
*पाठीवर माझ्या पट्ट्याचं माप,*
*गेलास तेव्हा खुर्ची रडली,*
*मीच तेवढा कोरडा, बाप.*

काटेवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा बाप असेल. तिसऱ्या कडव्यात खिडकी आली, वेताची खुर्ची आली, पेपरातलं कोडं आलं, तेव्हा शंका उरली नाही. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, मागच्या बाजूला अकरा दुरुस्त्या लिहिल्या आणि पलीकडच्या खोलीत गेले.

"मी गिरणीत कधी होतो?"

कलाकाराने गिटारवरचा हात काढला नाही. "बाबा, तराजू गाण्यात बसत नाही. कष्टकरी माणूस म्हटलं की लोकांना गिरणी दिसते."

"आणि पट्टा? मी तुला कधी हात तरी लावला का रे?"

"ती प्रतिमा आहे."

"प्रतिमेचा वळ उठतो का पाठीवर?"

"बाबा, गाणं म्हणजे कोर्टातली जबानी नाही!"

"मग मी मेलो कधी, ते तरी सांग."

यावर कलाकार नुसता तारा जुळवत राहिला. काटेवाले कॅलेंडरचं पान त्याच्या वहीवर ठेवून परत आले. राग आपल्याला मारून टाकल्याचा नव्हता. माणूस शहात्तराव्या वर्षी मरायला तयार असतोच. राग याचा होता, की आपण गेल्यावर या घरातलं खरं काय ते सांगणारं कुणी उरणार नाही. सुनेने सासूला जेमतेम सहा वर्षं पाहिलं. पोराला खरं माहीत होतं, पण ते त्याच्या कामाचं नव्हतं. पुढे उरणार हीच दोन गाणी, एक चुलीचं आणि एक पट्ट्याचं. आपण दोघं जे जगलो ते असं पुसलं जाणार.

पुढच्याच महिन्यात ते अधिकृतपणे वारले. कलाकार एका छोट्या कार्यक्रमात ते गाणं गायला. त्याला सर्दी झाली होती. गाणं संपल्यावर "बाबा…" एवढंच म्हणाला आणि आवाज बसला. समोरचे साठ लोक उभे राहिले आणि दोन मिनिटं स्तब्ध. बाबा घरी आहेत आणि गाण्यातल्या चुका काढतायत, हे स्तब्ध उभ्या असलेल्या साठ लोकांना सांगायला छाती लागते. कलाकाराने मान खाली घातली, एवढंच.

सांत्वनाचे निरोप सुनेच्या फोनवर यायला लागले. तिला आडपडदा माहीत नव्हता. जेवताना तिने सरळ सांगितलं, "बाबा, लोक म्हणतायत तुम्ही गेलात."

काटेवाल्यांनी घास थांबवला. "कशाने?"

"ते कुणी लिहिलं नाहीये."

"एवढी माझी किडनी चांगली होती," काटेवाले म्हणाले आणि त्यांनी आणखी थोडा भात घेतला. कलाकार ताटात बघत होता. "मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला. "लोकांनीच तसं धरलं."

"मग आता सोडा म्हणावं."

"आता कसं सांगणार, बाबा? अल्बम तोंडावर आलाय."

अल्बम घरातच ध्वनिमुद्रित होणार होता. रविवारी दुपारी चार वाजता, बाहेरच्या खोलीत, तीस निवडक चाहत्यांसमोर. स्टुडिओत म्हणे दुःखाला भिंती आडव्या येतात. बैठक मारलेली माणसं, त्यांचे श्वास, पेल्यांची किणकिण, सगळं अल्बममध्ये हवं होतं. फक्त काटेवाले नको होते. कलाकाराने आधी त्यांना भाचीकडे पाठवायचं बघितलं. ते म्हणाले, माझ्या घरातून मी का जाऊ? मग असं ठरलं, की त्यांनी आतल्या खोलीत दार लावून बसायचं, आवाज करायचा नाही. सून या बैठकीत बोलली नाही, पण कलाकाराच्या ताटात त्या दिवशी पोळी जरा लांबूनच पडली.

रविवारी तीस माणसं आली. साउंडवाल्याने खोलीभर तारा पसरल्या आणि चार माइक उभे केले. रिकामी खुर्ची मधोमध ठेवली होती आणि तिच्यावर वरून एक दिवा सोडला होता. काटेवाले आत पलंगावर बसून आपल्याविषयीची गाणी ऐकत होते. त्यांचा कान काट्यावर तयार झालेला. काट्याची सुई मधोमध यायला केसभर कमी असली की त्यांना जसं कळायचं, तसं त्यांना पोराच्या सुराचं कळायचं. सूर कायम केसभर खाली लागायचा. पोरगं चौदा वर्षांचं होतं तेव्हापासून. त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण चांगलं आहे असं सांगता येत नव्हतं आणि वाईट सांगायला मन धजत नव्हतं. पोरगंही विचारत नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमानंतर घरी आलं की काहीतरी निमित्त काढून त्यांच्यासमोर घुटमळायचं, शर्टाचं बटण बघायचं, खिडकी लावायचं, उघडायचं, आणि मग झोपायला जायचं.

अडचण अशी झाली, की घरात संडास एकच आणि तो बाहेरच्या खोलीच्या पलीकडे. शहात्तर वर्षांच्या माणसाने तीन तास कोंडून घ्यायचं हा बेत आखणारा स्वतः चव्वेचाळीसचा होता. पाच वाजून वीस मिनिटांनी, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, आतलं दार करकरलं आणि काटेवाले बाहेर आले. कुणाकडे न बघता तारा ओलांडत खोलीच्या पलीकडे गेले, आणि पाच मिनिटांनी परत आले तेव्हा तीस माना त्यांच्याकडे वळलेल्या होत्या. पुढे बसलेल्या चष्मेवाल्या बाई लोकसंगीतावर लेख लिहायच्या. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, काटेवाल्यांकडे बघितलं, मग कलाकाराकडे.

कलाकाराच्या तोंडचं पाणी पळालं. "हे… माझे काका. बाबांचे भाऊ."

"थोरले?" बाईंनी विचारलं.

"धाकटे," काटेवाले पटकन म्हणाले. मेलोच आहे तर निदान वय तरी कमी होऊ दे, असा त्यांचा हिशेब.

"अगदी तसेच दिसता हो! या खुर्चीतच बसा, त्यांच्या. दादांबद्दल दोन शब्द बोला ना. सगळ्यांनाच ऐकायचंय."

कलाकार "काकांना बरं नाही" वगैरे पुटपुटला, पण तोवर साउंडवाल्याने माइक खाली वाकवला होता. काटेवाले आपल्या खुर्चीत बसले. उशीवरचा खळगा त्यांनी आधी नीट केला. माइक चालू आहे, हे अल्बममध्ये जाणार आहे आणि अल्बम मागे राहणार आहे, हे त्यांना चांगलंच कळत होतं. अशी संधी मेल्याशिवाय मिळत नाही.

"दादा गिरणीत नव्हता," त्यांनी सुरुवात केली. "उभ्या जन्मात त्याने गिरणी बघितली ती पिठाची. दादा काटे दुरुस्त करायचा." मग त्यांनी वजनाच्या बुडातलं शिसं सांगितलं, परत केलेला तराजू सांगितला, अकरा वर्षांची साखर सांगितली. "पट्ट्याचं म्हणाल तर त्याने पोराला कधी मारलं नाही. एकदा हात उगारला होता, तो वरच्या फळीला लागला आणि त्याचंच बोट सुजलं. पोरानेच बर्फ आणून दिला."

दोघंतिघं हसले, मग हसायचं की नाही ते न कळून थांबले.

"आणि वहिनी चुलीपुढे बसली नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. समोर वायरींचं जंगल, कानाला हेडफोन. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, सगळं आधी तिच्या कानावरून जायचं आणि तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. घरात दादा तक्रार करायला लागला की ती घड्याळ बघायची आणि ट्रंककॉलवर विचारतात तसं म्हणायची, तीन मिनिटं झाली, वाढवू का? खूप हसायची. रडताना मी तिला दोनदाच पाहिलं." काटेवाल्यांनी जीभ चावली. "म्हणजे दादाने पाहिलं. मला त्याने सांगितलं."

बारा मिनिटं ते बोलले. एक अक्षर खोटं नव्हतं, भाऊ सोडला तर. बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. चष्मेवाल्या बाई डोळे पुसत शेजारणीच्या कानात म्हणाल्या, आणि काटेवाल्यांच्या तयार कानाने ते टिपलं, "बिचारे. भावाचं दुःख सोसवत नाही ना, म्हणून मनाने वेगळंच चित्र रंगवलंय. होतं असं."

काटेवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते उत्तर देणार तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "शेवटी काही म्हणाले का दादा? मुलाबद्दल?"

काटेवाल्यांनी पोराकडे बघितलं. गिटारची मान दोन्ही हातांनी धरून ते उभं होतं आणि त्याचे ओठ सुकले होते. तीस वर्षं खिडक्या उघडबंद करणारं ते तोंड तसंच होतं, फक्त वरचे केस गेले होते. खरं काय ते काटेवाल्यांच्या अगदी जिभेवर होतं. केसभर खाली. त्यांना पोराची दया आली, आणि दयेचा रागही आला.

"म्हणाला ना," ते म्हणाले. "पोरगं चांगलं गातं म्हणाला. तोंडावर सांगायचं राहून गेलं."

कलाकाराने मान फिरवली. मग तो बापाचं गाणं गायला, त्यात बऱ्याच ठिकाणी त्याला गाताच आलं नाही, आणि तीस माणसं रडली. आतल्या दाराशी उभी असलेली सूनही रडली. तिला खरं काय ते माहीत असूनही.

महिन्याभराने अल्बम आला. कोड्याच्या वेळेला कलाकार हेडफोन घेऊन खुर्चीपाशी आला. "तुमचं बोलणं ठेवलंय, बाबा. गाण्याच्या आधी. सगळ्यांना तेच सर्वांत जास्त आवडतंय."

काटेवाल्यांनी पेन्सिल ठेवली, चष्मा काढला, हेडफोन लावले. आधी कुणाचा तरी खोकला आला. मग त्यांचा स्वतःचा आवाज आला, त्यांना वाटत होता त्यापेक्षा म्हातारा. *पोरगं चांगलं गातं म्हणाला. तोंडावर सांगायचं राहून गेलं.* आणि लगेच गिटार सुरू झाली.

त्यांना वाटलं, पुढे असेल. ते गाणं संपेपर्यंत थांबले. पट्टा होता, भोंगा होता, रडणारी खुर्ची होती.

"बाकीचं कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या आईचं एक्स्चेंज?"

"ते जरा लांबत होतं. आणि पहिल्या अल्बमशी जुळतही नव्हतं." कलाकार खिडकीशी गेला. खिडकी लावली. "बारा मिनिटांतलं तेवढंच मनापासून आलेलं वाटलं."

बारा मिनिटं त्यांनी तोलून तोलून जे जे खरं सांगितलं होतं, ते सगळं कापून टाकलेलं होतं. राहिलं होतं ते एकच वाक्य, पोराचं तोंड बघून मारून नेलेलं. आता ते हजारो लोकांकडे जाणार होतं आणि बाप-लेक दोघं गेल्यावरही उरणार होतं. ओरडावं, अल्बम मागे घ्यायला लावावा, असं त्यांना फार वाटलं.

कलाकाराने खिडकी पुन्हा उघडली. पाठमोराच उभा राहून तो म्हणाला, "बाबा… ते काका म्हणाले ते खरं होतं ना?"

चव्वेचाळीस वर्षांत पोराने विचारलेला हा पहिला प्रश्न, की ज्याचं उत्तर ऐकायला ते थांबलं होतं.

काटेवाल्यांनी हेडफोन काढून त्याच्या हातात दिले आणि चष्मा चढवला.

"ते काकांना विचार," ते म्हणाले.